हमीपत्र नको, कामांचा कागद हवा

संपादक महोदय,

अभ्यासक्रमाचा भाग म्हणून विद्यार्थी काही आठवडे कारखान्यात, रुग्णालयात, हॉटेलच्या स्वयंपाकघरात, प्रयोगशाळेत किंवा शेतावर काम करायला जातात. जाण्याआधी त्यांच्याकडून एका कागदावर सही घेतली जाते. ‘प्रशिक्षणाच्या काळात इजा झाल्यास जबाबदारी माझी राहील’ अशा अर्थाचं एक वाक्य त्यात असतं. खाली पालकांचीही सही. या कागदाने विद्यार्थ्याचं एक बोटसुद्धा वाचत नाही. त्याच्या जागी कोणता कागद असावा आणि त्यात काय लिहिलेलं असावं, एवढंच सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

विद्यार्थी एकदा कंपनीच्या फाटकातून आत गेला की त्याची काळजी कंपनी घेईल, असं कॉलेज धरून चालतं. कंपनी धरून चालते की हा काही आपला कामगार नाही, कॉलेजने त्याला सगळं शिकवूनच पाठवलं असेल. हजेरी कॉलेजच्या वहीत आणि हात कंपनीच्या मशीनवर, अशी त्याची अवस्था होते. पहिल्या दिवसाचं सुरक्षा प्रशिक्षण, पायाच्या मापाचे सेफ्टी शूज, कामाआधीची वैद्यकीय तपासणी या गोष्टी कायम कामगाराला मिळतात आणि नेमक्या या मुलांच्या वेळी राहून जातात. कॅनडातल्या इन्स्टिट्यूट फॉर वर्क अँड हेल्थ या संस्थेने दाखवून दिलं आहे, की नोकरीच्या पहिल्या महिन्यात इजा होऊन काम बुडण्याचा धोका वर्षभर मुरलेल्या कामगाराच्या तिपटीहून जास्त असतो. चार-सहा आठवड्यांसाठी आलेला विद्यार्थी जवळजवळ सगळा मुक्काम याच महिन्यात काढतो. सरावलेला होण्याआधी तो परत गेलेला असतो.

देशोदेशीचे कायदे वेगळे आहेत, पण पाया एकच आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९७३च्या १३८ क्रमांकाच्या करारानुसार धोकादायक कामाला किमान वय १८ लागतं. १६व्या वर्षापासून असं काम द्यायचंच असेल, तर पूर्ण संरक्षण आणि त्या कामाचं नेमकं प्रशिक्षण देण्याची अट आहे. १९८१चा १५५ क्रमांकाचा करार दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. सुरक्षेच्या साधनांचा खर्च काम करणाऱ्यावर टाकायचा नाही, आणि जिवावर बेतेल असं रास्तपणे वाटल्यावरून कोणी कामावरून बाजूला झाला तर त्याला त्याची शिक्षा होऊ द्यायची नाही. २०२२मध्ये हा करार संघटनेच्या मूलभूत करारांत घेतला गेला. कामगाराला जे लागू आहे, ते त्याच मशीनसमोर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला लागू नाही असं म्हणायला कुठलाही आधार सापडत नाही.

आता कागदाबद्दल. एक पान पुरतं. त्यावर तीन रकाने आखायचे: ‘एकट्याने करायची कामं’, ‘माणूस शेजारी असतानाच करायची कामं’ आणि ‘हात लावायचा नाही अशी कामं’. विद्यार्थी रुजू होण्याआधी कंपनीचा सुपरवायझर आणि कॉलेजचे शिक्षक यांनी समोरासमोर बसून ते भरायचे. ‘मशीन शॉपमध्ये प्रशिक्षण’ असलं मोघम वाक्य चालणार नाही. मशीनचं नाव आणि क्रिया, दोन्ही लिहिलेलं हवं. ‘बेंच ड्रिल, १० मिमीपर्यंत भोक, जॉब व्हाइसमध्ये आवळलेला’ इतकं नेमकं (जॉब म्हणजे ज्यावर काम करायचं तो तुकडा, व्हाइस म्हणजे तो पकडणारा शिकंजा). दुसऱ्या रकान्यातल्या ‘शेजारी’ या शब्दाचा अर्थही तिथेच लिहावा: विद्यार्थ्याचे हात दिसतील आणि आपला हात इमर्जन्सी स्टॉपपर्यंत पोचेल इतक्या अंतरावर. त्याच इमारतीत कुठेतरी असण्याला देखरेख म्हणत नाहीत.

कागदावर दोन माणसांची नावं हवीत. एक सुपरवायझर आणि दुसरा तो रजेवर असेल त्या दिवशीचा. नेमका घोटाळा होतो तो त्याच दिवशी. पोराला सांभाळणारा आलेला नसतो, हातात काम नसतं, आणि कोणीतरी म्हणतं, “आज जरा तिकडे मदत कर.” तिकडच्या माणसाला वाटतं की याला सगळं शिकवलेलं आहे. पोराला वाटतं की सांगितलंय म्हणजे आपल्याला येत असणारच. त्यामुळे दुसरा माणूसही हजर नसेल, तर त्या दिवशी विद्यार्थ्याने फक्त पहिल्या रकान्यातलं काम करावं किंवा घरी जावं, हेही कागदावरच लिहून ठेवावं.

तिसरा रकाना भरताना काही कामांवर चर्चाच नको. टाकी, खोल खड्डा, सायलो (धान्य साठवायची उंच कोठी), गटाराचं चेंबर यांत उतरणं. हवेत साधारण २०.९ टक्के ऑक्सिजन असतो. तो १९.५ टक्क्यांच्या खाली गेला की ती जागा धोक्याची मानतात, आणि तो कमी झालेला नाकाला कळत नाही. आत पडलेल्याला काढायला धावून उतरलेला माणूसही तिथेच राहतो, म्हणून ‘वाचवायलासुद्धा उतरायचं नाही, आरडाओरडा करायचा’ हे पोरांना वेगळं सांगावं लागतं. त्याच रकान्यात चालू विजेच्या पॅनेलवरचं काम, छतावरचं काम, फोर्कलिफ्ट चालवणं, प्रेसच्या डायमध्ये (दाबणाऱ्या साच्यात) हात घालणं आणि अडकलेलं मशीन मोकळं करणं ही कामंही जातात. शेवटचं काम किरकोळ वाटतं. पण कन्व्हेयर किंवा मिक्सर अडकला की मोटर थांबलेली दिसते, मुख्य स्विच मात्र चालूच असतो. आतला तुकडा निघाला की मशीन आपोआप फिरायला लागतं. ज्याचे हात आत आहेत त्याचंच कुलूप मुख्य स्विचवर आणि किल्ली त्याच्याच खिशात, हा नियम जिथे पाळला जात नाही, तिथे विद्यार्थ्याला त्या मशीनपाशी उभंही करू नये.

एका अगदी साध्या वस्तूबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण ती कॉलेजच देतं आणि सतत घालायची सक्तीही करतं. गळ्यातलं ओळखपत्र. नायलॉनची फीत, खाली प्लास्टिकचं कार्ड. ड्रिलवर वाकलं की कार्ड पुढे लोंबतं. स्पिंडल, म्हणजे मशीनचा फिरता दांडा, २५ मिमी जाडीचा असेल, तर प्रत्येक फेऱ्याला जवळजवळ ८ सेंटिमीटर फीत गुंडाळली जाते. मशीन १००० आरपीएमवर (मिनिटाला १००० फेरे) असेल, तर सेकंदाला सोळा-सतरा फेरे होतात. डोळ्यांनी पाहून हात हलायला पाव सेकंद लागतो आणि तेवढ्यात चार फेरे म्हणजे फूटभर फीत आत गेलेली असते. तोवर तोंड चकपाशी, म्हणजे बिट किंवा जॉब पकडणाऱ्या फिरत्या भागापाशी, आलेलं असतं. उपाय जवळजवळ फुकट आहे. कार्ड खिशाला क्लिपने लावावं, किंवा ओढ बसताच मानेमागे सुटणारी फीत द्यावी, आणि फिरत्या मशीनजवळ जाताना तीही काढून ठेवायला सांगावं. अंगठी, कडं, गळ्यातला दोरा, मोकळे केस, सैल बाह्या यांचंही गणित हेच आहे.

हातमोज्यांच्या बाबतीत उलटा गैरसमज आहे. ‘सेफ्टी म्हणजे ग्लोव्हज’ असं समजून विद्यार्थ्याला कापडी मोजे देऊन ड्रिल किंवा लेथवर (जॉब फिरवून कापणाऱ्या मशीनवर) उभं करतात. मोज्याचा एक धागा बिटात अडकला की मोजा सुटून येत नाही, बोटांसकट ओढला जातो. फिरत्या मशीनवर हात उघडे हवेत. धारदार पत्रा उचलताना, गरम जॉब धरताना किंवा रसायन हाताळताना मोजे हवेत, आणि तेही त्या कामाचे. लेथवरची चिप (कापताना निघालेला धातूचा कीस) हाताने ओढायची नाही, कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायची नाही. मशीन थांबवून ब्रशने किंवा हुकाने काढायची. चकची चावी चकमध्ये ठेवून हात सोडायचा नाही, एका क्षणासाठीही नाही. चालू बटणावर चुकून बोट पडलं की ती चावी गोळीसारखी सुटते.

ग्राइंडरवर विद्यार्थ्याला उभं करण्याआधी शिक्षकांनी किंवा सुपरवायझरने मोजपट्टी घेऊन दोन अंतरं मोजावीत. टूल रेस्ट (जॉब टेकवायची पट्टी) आणि चाक यांच्यात ३ मिमीहून जास्त फट नको, आणि वरची जीभपट्टी (चाकाच्या आवरणाच्या कडेची सरकती पट्टी) चाकापासून ६ मिमीच्या आत हवी. चाक झिजत जातं, फट रुंदावत जाते आणि कोणी रेस्ट पुढे सरकवत नाही. मग एक दिवस छोटा जॉब त्या फटीत ओढला जातो आणि चाक फुटतं. नवीन चाक बसवण्याआधी लाकडी दांड्याने हलकं ठोकून आवाज ऐकतात. टणटणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर तडा. बसवल्यावर निदान मिनिटभर बाजूला उभं राहून मोकळं फिरवायचं. हे सगळं विद्यार्थ्याने बघावं, चाक बदलण्याचं काम मात्र तिसऱ्या रकान्यात राहू द्यावं. हातात धरायच्या चार इंची ग्राइंडरच्या डिस्कची कड ११,००० आरपीएमला सेकंदाला ५७ मीटर, म्हणजे ताशी २०० किलोमीटरहून जास्त वेगाने जाते. त्यावर मोठी डिस्क चढवायची म्हणून गार्ड (संरक्षक आवरण) काढून टाकतात. १८० मिमीच्या डिस्कवर साधारण ८,५०० आरपीएम ही कमाल मर्यादा छापलेली असते. तिला ११,०००वर फिरवलं तर ती टिकण्याचा भरवसा कोणीच देत नाही. विद्यार्थ्याला एवढं तरी शिकवावं: मशीनवरचा आकडा आणि डिस्कवरचा आकडा वाचायचा. डिस्कवरचा लहान असेल, तर ती डिस्क लावायची नाही.

वेल्डिंगमध्ये ‘जरा जॉब धर’ म्हणून उभ्या केलेल्या मुलाचं जास्त नुकसान होतं. वेल्डरकडे काच असते, हा फक्त तोंड फिरवतो. आजूबाजूच्या पत्र्यावरून परावर्तित झालेले अतिनील किरण बाजूनेही डोळ्यात जातात. त्रास लगेच जाणवत नाही. सहा ते बारा तासांनी, बहुतेक वेळा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, पाणी वाहायला लागतं, उजेड सहन होत नाही. तेव्हा ना सुपरवायझर जवळ असतो ना शिक्षक, आणि डोळ्यात काय घालावं याचे सल्ले मिळायला लागतात. काही न घालता डॉक्टरांकडे जावं, डोळे चोळू नयेत. खरा उपाय म्हणजे जॉब क्लॅम्पने धरणं आणि बघणाऱ्यालाही वेल्डरच्याच नंबरची काच देणं.

विजेबद्दल एक प्रश्न विचारायला प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवावं: “या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का?” आरसीसीबी म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच. एमसीबी, म्हणजे प्रवाह फार वाढल्यावर तुटणारा स्विच, आहे हे उत्तर पुरेसं नाही. १६ अँपिअरचा एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. माणसाच्या शरीरातून १० मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह गेला, तरी पकडलेली वस्तू सोडता येईनाशी होते आणि एमसीबीला त्याची खबरही लागत नाही. आरसीसीबीवर एक टेस्ट बटण असतं. ते दाबल्यावर पुरवठा तुटला नाही, तर ते उपकरण नुसतं भिंतीवर लावलेलं आहे.

आवाजाची खूण सोपी आहे. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल, तर आवाज ८५ डेसिबलच्या आसपास किंवा वर आहे. ८५ला आठ तास चालतं, पण पुढे दर तीन डेसिबलला मुदत निम्मी होते: ८८ला चार तास, ९४ला एकच तास. फोमचे इअरप्लग वाटून टाकतात, घालायचे कसे ते दाखवत नाहीत. बोटांत वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. नुसता कानाच्या तोंडाशी खोचलेला प्लग जवळजवळ काहीच अडवत नाही.

रुग्णालयात आणि पॅथॉलॉजी लॅबमध्ये जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत चूक कॅलेंडरची असते. हिपॅटायटिस बीची लस तीन डोसांची आहे: आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. इंटर्नशिपच्या आदल्या आठवड्यात पहिला डोस देऊन पाठवलं, तर ते मूल संरक्षणाशिवायच वॉर्डात गेलं. प्रवेशाच्या वेळीच लस सुरू करावी आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडी तपासावी. वापरलेल्या सुईवर टोपण परत बसवायचं नाही. सुई टाकायचा डबा हाताशी हवा, दुसऱ्या खोलीत नको, आणि तो पाऊण भरला की बंद करायचा. सुई टोचलीच तर जखम साबण-पाण्याने धुवायची, दाबून रक्त काढत बसायचं नाही आणि लगेच सांगायचं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं जितकी लवकर तितकी चांगली, तीही ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. विद्यार्थी नेमका इथेच गप्प बसतो. ‘निष्काळजी’ असा शेरा पडेल, या भीतीने तो दोन दिवस कोणाला सांगत नाही. त्या दोन दिवसांची किंमत त्याला कोणीतरी आधीच सांगितलेली असायला हवी.

स्वयंपाकघर आणि साफसफाईची कामं ‘सोपी’ म्हणून पहिल्या रकान्यात ढकलली जातात. स्लायसर धुण्याआधी प्लग काढून समोर दिसेल असा ठेवायचा. पेटलेल्या तेलावर पाणी टाकायचं नाही. गॅस बंद करून झाकण ठेवायचं आणि भांडं हलवायचं नाही. भाजलं तर वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटं, घड्याळ लावून. बर्फ नको, टूथपेस्ट नको. ब्लीच आणि टॉयलेटचं ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. हे माहीत नसलेला मुलगा दोन्ही ‘जास्त स्वच्छ होईल’ म्हणून मिसळतो. आणि पाण्याच्या बाटलीत भरून ठेवलेलं कोणतंही रसायन दिसलं, की त्या जागेच्या बाकीच्या शिस्तीबद्दल शंका घ्यावी. शेतावर ट्रॅक्टरचा पीटीओ शाफ्ट (अवजाराला शक्ती पुरवणारा फिरता दांडा) ५४० आरपीएमने, म्हणजे सेकंदाला नऊ फेरे घेत फिरतो. त्यावरचं प्लास्टिकचं आवरण तुटलेलं असेल, तर काम सुरूच करायचं नाही. कार्यालयात जाणाऱ्यांसाठी बाहेर पडायचे दोन रस्ते आणि रात्री उशिरा परतायची सोय, एवढं कागदावर असलं तरी पुष्कळ.

रुजू होण्याचा पहिला तास मशीनला हात न लावता जावा. बाहेर पडायचे रस्ते विद्यार्थ्याला स्वतः चालून दाखवायला सांगावं. इमर्जन्सी स्टॉप त्याच्याच हाताने दाबून घ्यावा. मशीन थांबायला किती सेकंद लागतात हे त्याने डोळ्यांनी पाहावं, कारण बटण दाबताच चाक थांबतं हा समज चुकीचा आहे. डोळे धुण्याचं पाणी त्याच्या जागेपासून दहा सेकंदांत गाठता येतं का, ते चालून पाहावं. रसायन डोळ्यात गेलं तर १५ मिनिटं धुवावं लागतं, हेही तिथेच सांगावं. बूट स्टोअरमधून उरलेले द्यायचे नाहीत. दोन नंबर मोठा बूट घालून जिना उतरणं हाच एक धोका आहे. शेवटी “कळलं का?” असं विचारू नये, त्यावर सगळे मान हलवतात. “आता तू मला सांग” म्हणावं.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. विद्यार्थ्याला काम सांगणारा आणि त्याच्या मूल्यमापनाच्या कागदावर गुण देणारा माणूस बहुतेक ठिकाणी एकच असतो. अठरा वर्षांचं पोर त्याला नाही कसं म्हणणार? ते भित्रं असतं म्हणून गप्प बसत नाही. त्याचं अख्खं सत्र त्या सहीवर अडकलेलं असतं. म्हणून कॉलेजने कामांच्या कागदावर स्वतःच्या शिक्क्यासह लिहून द्यावं, की तिसऱ्या रकान्यातल्या कामाला नकार दिल्याने किंवा इजा कळवल्याने गुण कमी होणार नाहीत, आणि गरज पडली तर जागा बदलून दिली जाईल. खाली एक फोन नंबर हवा. विद्यार्थ्याची पाळी रात्रीची असेल, तर तो रात्री उचलला जाणारा हवा. छळ किंवा नको ती सलगी, यांची तक्रारही त्याच नंबरवर करता यावी. नकाराचं वाक्यसुद्धा मुलांकडून आधी म्हणून घ्यावं, कारण ऐन वेळी शब्द सुचत नाहीत: “सर, हे काम माझ्या कागदावर नाही. कॉलेजला विचारून सांगतो.” यात उद्धटपणा नाही आणि सुपरवायझरलाही वाईट वाटायचं कारण नाही.

रोज लिहायच्या डायरीत एक रकाना वाढवावा: ‘आज काय होता होता टळलं’. घसरलेला पाय, सटकलेला जॉब, उडालेली ठिणगी. शिक्षकांनी आधी तो वाचावा, मग बाकीची डायरी.

विम्याबद्दल तोंडी उत्तर घेऊ नये. इजा झाल्यास कोणाच्या पॉलिसीतून खर्च होणार, विद्यार्थी त्यात ‘कामगार’ नसला तरी बसतो का आणि येण्याजाण्याचा प्रवास धरलेला आहे का, हे तीन प्रश्न लेखी विचारून लेखी उत्तर घ्यावं.

शिक्षकांची भेट शेवटच्या आठवड्यात प्रमाणपत्र घेण्यापुरती नसावी, पहिल्या आठवड्यात असावी. केबिनमध्ये न बसता विद्यार्थ्याच्या कामाच्या जागी पंधरा मिनिटं उभं राहावं, आणि सुपरवायझर समोर नसताना त्याच्याशी बोलावं. कामांच्या कागदाची एक प्रत कॉलेजात, एक विद्यार्थ्याकडे आणि एक त्याच्या कामाच्या जागी भिंतीवर असावी. विद्यार्थी दुसऱ्या विभागात हलवला गेला असेल, तर जुना कागद तिथे लागू होत नाही. नवा कागद भरून त्यावर सह्या होईपर्यंत त्याने तिथल्या कशालाही हात लावू नये.

आपला,
एक औद्योगिक सुरक्षा अधिकारी